समुद्रतळाच्या गाळातलं सूक्ष्मप्लास्टिक कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या तळातून वर आणलेल्या मूठभर चिखलात प्लास्टिक सापडणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते हे सिद्ध करणं, की सापडलेला कण तळातूनच आला. डेकवरच्या दोरातून, अंगावरच्या कपड्यातून किंवा प्रयोगशाळेच्या हवेतून नाही. त्याहून अवघड म्हणजे जे कण वाटेत निसटले त्यांचा हिशेब देणं. खालची सगळी उत्तरं या दोन अडचणी समोर ठेवून लिहिली आहेत.

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे नेमकं केवढं?

५ मिलिमीटरपेक्षा लहान. ही मर्यादा २००८ साली अमेरिकेतल्या टॅकोमा इथल्या कार्यशाळेनंतर रूढ झाली. खालची मर्यादा साधारण १ मायक्रोमीटर धरतात. त्याखालच्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात. पण प्रत्यक्ष कामात खालची मर्यादा व्याख्येवरून ठरत नाही. तुमची सर्वांत बारीक चाळणी, फिल्टरची छिद्रं आणि कण ओळखणारं उपकरण, या तिघांपैकी जे सर्वांत जाड ते ही मर्यादा ठरवतं. ३०० मायक्रोमीटरच्या चाळणीतून गाळ धुतला असेल तर तुम्ही ३०० मायक्रोमीटर ते ५ मिलिमीटर एवढंच मोजलंत. अहवालाच्या पहिल्या पानावर हे लिहिलंच पाहिजे.

पॉलिइथिलीन पाण्यावर तरंगतं, मग ते तळाशी कसं जातं?

समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पॉलिप्रॉपिलीन ०.९०, पॉलिइथिलीन ०.९१ ते ०.९७, म्हणजे दोन्ही तरंगायला हवीत. पण कणावर जिवाणू आणि शैवालांचा थर चढतो, त्यावर खनिजांची धूळ बसते आणि कण जड होतो. मेलेले प्लवक, श्लेष्म आणि विष्ठा यांचे पुंजके खाली झरत असतात, त्यांत कण अडकतात. प्राणिप्लवक कण गिळतात आणि विष्ठेच्या गोळीतून ते खाली जातात. नायलॉन (१.१४ च्या आसपास), पीईटी (१.३८) आणि पीव्हीसी (१.३ ते १.४५) तर स्वतःच्याच वजनाने बुडतात.

तळाशी पोचला म्हणजे कण तिथेच पडून राहतो असंही नाही. टायरेनियन समुद्रात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ सेंटिमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत तुकडे मिळाले. तळावरून वाहणारे प्रवाह कण वाहून नेतात आणि ठरावीक जागी त्यांचे ढीग लावतात, हे त्यातून पुढे आलं. नमुन्याची जागा ठरवताना नुसती खोली पाहून भागत नाही, ते यामुळेच. तळाचा उतार, प्रवाह आणि गाळाची जात तिन्ही पाहावं लागतं.

ग्रॅब वापरावा की कोअरर?

ग्रॅब म्हणजे गाळ चिमटीत धरून आणणारा जबडा; कोअरर म्हणजे गाळात उभी शिरून त्याचे थर जसेच्या तसे वर आणणारी नळी किंवा पेटी. शक्य असेल तर मल्टिकोअरर (अनेक नळ्यांचा) किंवा बॉक्स कोअरर (पेटीचा). प्लास्टिक सर्वांत जास्त असतं ते गाळाच्या अगदी वरच्या, मऊ, पिठासारख्या थरात. ग्रॅब वेगाने खाली येतो तेव्हा त्याच्या पुढे पाण्याची लाट जाते आणि तो टेकण्याआधीच हा थर उडवून लावते. वर येताना जबडे नीट मिटले नाहीत, मध्ये एखादा शंख अडकला, तर उरलेला बारीक गाळ पाण्याबरोबर गळून जातो. मल्टिकोअररची नळी हळूहळू उतरते, वरचं पाणी आणि गाळ यांची सीमा शाबूत राहते.

वर आलेल्या नळीकडे आधी बारकाईने पाहा. गाळावरचं पाणी स्वच्छ आहे, पृष्ठभाग सपाट आहे, वर किड्यांच्या बिळांची तोंडं किंवा तपकिरी पापुद्रा दिसतोय, तर गाभा (नळीतला गाळाचा दंडगोल) चांगला. पाणी गढूळ असेल, पृष्ठभाग तिरका असेल, तर तो गाभा फेकून द्या आणि कोअरर पुन्हा उतरवा. वेळ गेला तरी चालेल.

वाळू घट्ट असेल तिथे कोअरर आत शिरत नाही, मग व्हॅन व्हीन ग्रॅबशिवाय पर्याय नसतो. तेव्हा वरची झाकणं उघडी असलेला ग्रॅब घ्या, शेवटचे काही मीटर तो सावकाश उतरवा, आणि वरून धातूच्या चमच्याने वरचे २ किंवा ५ सेंटिमीटरच काढा. जबड्याला टेकलेला गाळ घेऊ नका.

कोअररची नळीच प्लास्टिकची असते. त्याचं काय?

बहुतेक नळ्या ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि वाळू त्यांना आतून खरवडते. त्यावर दोन उपाय. गाभा कापल्यावर प्रत्येक चकतीच्या कडेचा ५ ते १० मिलिमीटरचा भाग काढून टाका; वरचा गाळ नळीला घासत खाली ओढला जातो, तोही यानेच दूर होतो. दुसरं म्हणजे नळीचा एक तुकडा, विंचचा दोर, जहाजाच्या रंगाचा खरवडा, हातमोजे, कामाचे कपडे या सगळ्यांचे नमुने काचेच्या बाटल्यांत घेऊन ठेवा आणि त्यांचे वर्णपट (प्रकाशाने मिळणारी पदार्थाची ओळखखूण) आधीच नोंदवा. पुढे गाळात निळा अल्किड रंगाचा कण सापडला, तर तो जहाजाचा की तळाचा हे या संग्रहाशिवाय सांगता येत नाही. हे काम जहाज किनारा सोडण्यापूर्वी करा. नंतर कोणालाच आठवत नाही.

किती नमुने आणि किती गाळ पुरेसा?

एका ठिकाणी किमान ३ स्वतंत्र वेळा उपकरण टाकावं. एकाच ग्रॅबमधून काढलेले ३ चमचे म्हणजे ३ नमुने नव्हेत. ते एकाच नमुन्याचे ३ भाग. दोन हातांच्या अंतरावर संख्या दुप्पट होऊ शकते आणि ही तफावत दिसायलाच हवी.

गाळ किती घ्यायचा हे कोणत्या आकाराचे कण शोधताय त्यावर ठरतं. २० मायक्रोमीटरपर्यंत जाणार असाल तर ३० ते ५० ग्रॅम चिखल पुरतो, कारण बारीक कण संख्येने खूप असतात. फक्त ३०० मायक्रोमीटरच्या वरचे मोजायचे तर २०० ते ४०० ग्रॅम घ्या. नाहीतर हाती २ किंवा ३ कण लागतात आणि एवढ्या आकड्यावर काहीच ठरत नाही. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही तिची किमान अनिश्चितता असते: ४ कण मिळाले तर अधिक-उणे २, म्हणजे सरळ निम्मी चूक. १०० मिळाले तर १० टक्के.

नमुना साठवायचा आणि वाळवायचा कसा?

काचेच्या बरणीत, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद लावून, ४ अंश सेल्सिअसला किंवा उणे २० अंशांना. गोठवणार असाल तर बरणीचा पाचवा भाग मोकळा ठेवा. चिखलातलं पाणी फुगतं आणि बरणी तडकते.

वाळवायचंच असेल तर ४० ते ६० अंशांवर, फॉइलने झाकून. फ्रीझ ड्रायर असेल तर त्याहून उत्तम. चिकणमाती ओव्हनमध्ये वाळवली की विटेसारखी घट्ट होते आणि कण आत चिणले जातात. मग कोणी तो गोळा खलात कुटतं आणि ठिसूळ प्लास्टिकचे तुकडे होऊन एकाचे पाच कण मोजले जातात. चिखल वाळवू नये, ओलाच पुढे न्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातला एक छोटा भाग वेगळा वाळवून पाण्याचं प्रमाण काढा. वाळलेला गाळ फोडायचाच असेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं सुमारे ५.५ ग्रॅम प्रति लिटर द्रावण घालून तो रात्रभर भिजू द्या, मग काचेच्या कांडीने हळू ढवळा.

प्लास्टिक गाळातून वेगळं कशाने करतात?

खाऱ्या, जड पाण्याने. वाळूतल्या क्वार्ट्झची घनता २.६५, बहुतेक प्लास्टिकची १.४५ च्या आत. मधल्या घनतेच्या द्रावणात गाळ ढवळला की वाळू बसते, प्लास्टिक वर येतं. प्रश्न कोणता क्षार घ्यायचा एवढाच.

साधं मीठ स्वस्त आणि निरुपद्रवी. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम विरघळतं आणि घनता १.२० पर्यंत जाते. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन यात सहज येतात. नायलॉन कसाबसा येतो. पीईटी आणि पीव्हीसी तळाशीच राहतात. समुद्रतळावर जड प्लास्टिकचं प्रमाण जास्त असण्याचीच शक्यता, आणि पॉलिएस्टरचे तंतू म्हणजे पीईटीच. म्हणून समुद्रतळाच्या कामाला नुसतं मीठ अपुरं आहे. केवळ मिठावर काम करून पीव्हीसी आढळलं नाही असं लिहिणं चूक ठरेल.

कॅल्शियम क्लोराइड १.३ ते १.४ पर्यंत नेतं, पण पीईटी नेमकं त्याच कडेवर असतं. सोडियम आयोडाइड १.६ ते १.८ पर्यंत जातं. ते महाग असतं, हवेत पिवळं पडतं आणि सेल्युलोजचा फिल्टर काळपट करतं. सोडियम पॉलिटंगस्टेट सर्वांत जड द्रावण देतं आणि विषारीही कमी, पण किंमत फार. झिंक क्लोराइड १.५ ते १.७ पर्यंत, परवडणारं आणि पुन्हा वापरता येणारं. तोटा असा की ते कातडी जाळतं आणि जलचरांना घातक असतं. अनेक प्रयोगशाळांना तेच बरं पडतं.

झिंक क्लोराइडचं द्रावण बनवताना काय सांभाळावं?

समान वजनाचं पाणी आणि झिंक क्लोराइड, म्हणजे १ किलोला १ किलो, घेतलं तर २० अंशांना घनता साधारण १.५७ येते. गाळाच्या कामाला १.५५ पुरेशी असते. क्षार पाण्यात थोडा थोडा टाका. उलट करू नका आणि घाई करू नका, द्रावण हात लावता येणार नाही इतकं तापतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, धूर खेचणारं कपाट, हे सगळं हवं.

विरघळल्यावर द्रावण दुधाळ दिसलं तर घाबरू नका. तो झिंकचा अल्कधर्मी क्षार असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की द्रावण निवळतं. पूर्ण गार झाल्यावर काचतंतूच्या १.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा, कारण विकतच्या क्षारातही तंतू असतात. मग घनता तपासा: पिपेटने १० मिलिलिटर काढून तराजूवर ठेवा. १५.५ ग्रॅम भरले तर घनता १.५५. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीआधी (एका वेळी चालवलेल्या गटाआधी) हे करा. ओला गाळ दरवेळी द्रावणात पाणी सोडतो. काही नमुन्यांनंतर १.५५ चं १.४५ होऊ शकतं आणि पीव्हीसी गुपचूप खाली राहू लागतं.

वेगळं करण्याची कृती काय?

मध्ये बॉल व्हॉल्व्ह असलेली उभी नळी हे सर्वांत सोयीचं साधन. नळी, चुंबकी ढवळणी आणि व्हॉल्व्ह आधी द्रावणाने धुवून घ्या. ३० ते ५० ग्रॅम गाळ टाका, वर सुमारे ७०० मिलिलिटर द्रावण ओता, ५ मिनिटं ढवळा. ढवळणी थांबवल्यावर हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते वाळूचे कणही वर आणतात. म्हणून २ ते ३ वेळा क्षणभर ढवळणी चालू करून ते सोडवा. मग झाकून ठेवा.

किती वेळ? कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो: आकार निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. शिवाय झिंक क्लोराइडचं द्रावण पाण्यापेक्षा दाट आणि चिकट. मिलिमीटरभराचे कण मिनिटभरात वर येतात, पण २० मायक्रोमीटरचा पीईटीचा कण तासाला काही सेंटिमीटर एवढाच चढतो. बारीक कण हवे असतील तर रात्रभर ठेवा. ५ मिनिटांत वरचं द्रावण ओतून घेणाऱ्यांच्या आकड्यांत बारीक पीईटी कमी का दिसतं, ते यावरून कळेल.

वरचा भाग स्वच्छ झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करा, वरचं द्रावण फिल्टरवर ओता आणि नळीच्या भिंती ३ वेळा धुवा. भिंतीला चिकटलेले कण ही सर्वांत मोठी गळती आहे. उरलेल्या गाळावर हीच कृती आणखी एकदा किंवा दोनदा करा.

व्हॉल्व्हला सिलिकॉन ग्रीस लावू नका. ते फिल्टरवर येऊन वर्णपटात डोकावतं. उपकरण पीव्हीसीचं असेल तर पीव्हीसीचे सगळे निकाल संशयाने तपासावे लागतात.

रात्रभर ठेवूनही वरचा थर गढूळच राहिला, किंवा फेस आला. आता?

गढूळपणा चिकणमातीचा असतो. गाळ जास्त झाला, हे पहिलं कारण; निम्मा घेऊन पाहा. आधी २० मायक्रोमीटरच्या स्टीलच्या चाळणीवर गाळ धुवून घेतला तर चिकणमाती बरीचशी निघून जाते, मात्र त्याबरोबर २० मायक्रोमीटरच्या खालचं प्लास्टिकही जातं. ते मान्य असेल तरच हा मार्ग धरा.

फेस येण्याचं कारण वेगळं. झिंक क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी असतं. शिंपले, पोवळी किंवा चुनखडी असलेल्या गाळाशी ते अभिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे बारीक चिखल वर उचलून आणतात. अशा गाळाला सोडियम आयोडाइड किंवा पॉलिटंगस्टेट वापरा. शिंपले आम्लाने आधी विरघळवावेत असा सल्ला काही जण देतात. तीव्र आम्ल नायलॉनला खातं, तेव्हा तो मार्ग टाळलेला बरा.

सेंद्रिय कचरा कसा काढायचा?

शैवाल, किड्यांच्या नळ्या, लाकडाचे तुकडे प्लास्टिकबरोबरच तरंगून वर येतात. त्यांच्यासाठी फेन्टन अभिक्रिया चांगली. ५०० मिलिलिटर पाण्यात ३ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि ७.५ ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट घालून लोहाचं द्रावण बनवा. नमुन्यावर यातलं २० मिलिलिटर आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिलिलिटर टाका. अमेरिकेतल्या नोआ या समुद्र आणि हवामानविषयक सरकारी संस्थेच्या २०१५ च्या पद्धतीत हे मिश्रण ७५ अंशांपर्यंत तापवतात. आम्ही बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान ४० अंशांच्या खाली राखावं असं सांगतो, कारण जास्त उष्णतेत मऊ, मेणचट कण वितळतात आणि मिश्रण उतू गेलं तर नमुनाच हातचा जातो. काळ्या, सडक्या अंड्यासारख्या वासाच्या गाळात सल्फाइड असतं. तो पेरॉक्साइडशी फार जोरात तापतो. तिथे पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घाला आणि बीकर नेहमीपेक्षा चौपट मोठं घ्या.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. सोडियम आयोडाइडचा अंश उरलेल्या नमुन्यावर पेरॉक्साइड ओतू नका. आयोडाइडमुळे पेरॉक्साइडचं विघटन भडकतं, क्षणात उकळता फेस बाहेर येतो आणि फिल्टर आयोडीनने तपकिरी होतो. मध्ये भरपूर पाण्याने धुवा.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड प्राण्यांच्या ऊतींसाठी ठीक. गाळातल्या लाकडावर आणि शैवालाच्या तंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही आणि गरम केलं तर ते पीईटीलाही झिजवतं. वेळ आणि पैसा असेल तर प्रोटीएज, सेल्युलेज, कायटिनेज ही विकरं प्लास्टिकला सर्वांत कमी इजा करतात.

फिल्टर कोणता?

पुढे कशाने बघणार त्यावर अवलंबून. सूक्ष्मदर्शक आणि नाईल रेड (प्लास्टिकला चिकटून उजळणारा रंग) यांसाठी काचतंतूचा. पार जाणाऱ्या अवरक्त किरणांनी तपासायचं तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ०.२ मायक्रोमीटरचा, पण तो १२५० प्रति सेंटिमीटरच्या (अवरक्त वर्णपटातली जागा सांगणारं एकक) खाली अपारदर्शक असतो, म्हणजे पॉलिइथिलीनचं ७२० जवळचं शिखर त्यावर दिसत नाही. रामनसाठी (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून ओळख) सिलिकॉन किंवा धातूचा थर दिलेला. फिल्टरवर कण एकमेकांवर चढले असतील तर कोणतंच यंत्र कामाचं नाही. नमुना दोन-तीन फिल्टरांत वाटा.

नुसत्या सूक्ष्मदर्शकाने मोजलं तर चालेल का?

१ मिलिमीटरच्या वरच्या कणांना, अनुभवी नजर असेल तर, बऱ्यापैकी. त्याखाली चुका वाढत जातात आणि १०० मायक्रोमीटरच्या खाली केवळ नजरेवर विसंबू नये.

पाहताना निकष हे: कणात पेशींची रचना दिसता कामा नये, तंतूची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी हवी, रंग एकसारखा हवा. कापसाचा तंतू पिळदार, चपट्या फितीसारखा दिसतो; पॉलिएस्टरचा गुळगुळीत काचेच्या कांडीसारखा, टोकाशी कापल्यासारखा. तापलेली सुई जवळ नेल्यावर प्लास्टिक आकसतं किंवा वळतं, कापूस नाही. पण व्हिस्कोज रेयॉन नेमका घोटाळा करतो: दिसायला कृत्रिम, वर्णपटात कापसासारखा आणि काटेकोरपणे प्लास्टिक नाहीच. खोल समुद्रातल्या तंतूंच्या २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात रेयॉनचा वाटा मोठा होता. तो धरलात की वगळलात हे लिहा, आणि त्याचा आकडा वेगळा द्या.

नाईल रेडने रंगवून निळ्या प्रकाशात, नारिंगी फिल्टरमधून पाहिलं की प्लास्टिक उजळतं. मोजणी झपाट्याने होते. चरबी आणि न पचलेला सेंद्रिय कचराही उजळतो, आणि काळे कण व काही तंतू उजळत नाहीत. कुठे पाहायचं हे त्यातून कळतं. प्लास्टिक आहेच असा निर्वाळा त्यावरून देऊ नये.

अवरक्त वर्णपट, रामन की पायरोलिसिस?

३०० ते ५०० मायक्रोमीटरच्या वरचा कण चिमट्याने उचलून एटीआर स्फटिकावर (यातून कणावर अवरक्त किरण पडतात) दाबा. मिनिटात ओळख पटते. त्याखाली सूक्ष्मदर्शक जोडलेलं एफटीआयआर (अवरक्त वर्णपट घेणारं यंत्र), साधारण १० ते २० मायक्रोमीटरपर्यंत. आर्क्टिकमधल्या हाउसगार्टन केंद्रावरच्या गाळात २०१७ च्या अभ्यासाने किलोमागे ४२ ते ६५९५ कण नोंदवले ते याच पद्धतीने, आणि त्यांतले सुमारे ८० टक्के २५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान होते. जाड चाळणीने हेच ठिकाण जवळपास स्वच्छ दिसलं असतं.

रामन १ मायक्रोमीटरपर्यंत जातं, पण सावकाश. सेंद्रिय मळ चमकतो आणि संकेत बुडवतो. निळ्या-हिरव्या कणांत बरेचदा रंगद्रव्याचाच वर्णपट मिळतो, खालचं प्लास्टिक दिसतच नाही.

पायरोलिसिस जीसी-एमएस सगळा नमुना ऑक्सिजनशिवाय ५०० ते ७०० अंशांवर तापवून त्याचं विघटन करतं आणि निघालेले वायू वेगळे करून, ओळखून त्यांवरून वस्तुमान सांगतं. पॉलिस्टायरीनला स्टायरीन, पॉलिप्रॉपिलीनला २,४-डायमिथाइल-१-हेप्टीन हे ठसे. कणांची संख्या, आकार, रंग मिळत नाही आणि नमुना संपतो. टायरचे काळे कण मात्र यानेच पकडावे लागतात. त्यांतला कार्बन ब्लॅक अवरक्त किरण गिळून टाकतो. गाळातली नैसर्गिक चरबी पॉलिइथिलीनसारखेच तुकडे देते, तेव्हा ती आधी काढा.

संगणकाने दिलेला जुळणीचा आकडा डोळे मिटून घेऊ नका. ७० टक्क्यांची मर्यादा सर्रास वापरतात, तरी नायलॉन आणि प्रथिनं १६४० आणि १५४० प्रति सेंटिमीटरच्या जोडीत एकमेकांसारखी दिसतात. हातमोज्यांवरचे स्टिअरेट पॉलिइथिलीन म्हणून खपून जातात. एखाद्या तुकडीत अचानक पॉलिइथिलीनचे शेकडो बारीक कण दिसू लागले, तर पहिला संशय मोज्यांवर घ्या.

बाहेरून येणारं दूषण कसं रोखायचं?

पूर्ण रोखता येत नाही, मोजता येतं. सुती आणि ठळक रंगाचा कोट घाला, म्हणजे त्याचे तंतू लगेच ओळखू येतात. काचेची भांडी आणि काचतंतूचे फिल्टर ४५० अंशांच्या भट्टीत तापवून घ्या. सगळी द्रावणं गाळून वापरा. बीकर उघडं ठेवायचं ते फक्त ओततानाच.

प्रत्येक तुकडीबरोबर किमान ३ कोरे नमुने चालवा: गाळ नाही, बाकी सगळं तेच, तितकाच वेळ. टेबलावर आणि डेकवर ओला फिल्टर उघडा ठेवून हवेचा वेगळा नमुना घ्या. कोऱ्या नमुन्यांची सरासरी अधिक तिच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, ही तुमची शोधमर्यादा; तिच्याखालचा आकडा गाळातला म्हणून सांगता येत नाही. हिशेब प्लास्टिकची जात, आकार आणि रंगानुसार वेगवेगळा करा. कोऱ्या नमुन्यात निळे पॉलिएस्टर तंतू आले म्हणून गाळातले पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचे पापुद्रे वजा करण्यात अर्थ नाही.

कण वाटेत हरवले नाहीत हे कसं कळणार?

माहीत असलेले कण मुद्दाम घालून. ४५० अंशांवर तापवलेल्या त्याच जातीच्या गाळात, सहज ओळखू येतील अशा रंगांचे, निदान ३ प्लास्टिकचे (एक हलकं, एक मध्यम, एक जड) मोजलेले कण टाका आणि पूर्ण पद्धत चालवा. ५० पीव्हीसी टाकले आणि ४१ परत आले, तर परतफेड ८२ टक्के. फक्त मिलिमीटरभराचे गोल मणी घालून ९८ टक्के दाखवणं सोपं असतं. प्रयत्न तुम्ही शोधता त्याच आकाराच्या अणकुचीदार तुकड्यांनी आणि तंतूंनी करा. आकडा कमी आला तरी छापा. कमी पण खरी परतफेड वाचणाऱ्याच्या उपयोगाची असते.

किलोमागे कण काढायचे कसे?

एक उदाहरण. ५० ग्रॅम ओला चिखल वापरला. त्याच बरणीतला २० ग्रॅम वेगळा वाळवला, तो ९ ग्रॅम भरला. पण उडून गेलेल्या ११ ग्रॅम पाण्याचं मीठ त्यातच राहिलं आहे. खारेपणा ३५ ग्रॅम प्रति किलो धरला तर ते ०.४ ग्रॅम, म्हणजे खरा गाळ ८.६ ग्रॅम, ४३ टक्के. ५० ग्रॅममध्ये कोरडा गाळ २१.५ ग्रॅम.

खात्री झालेले कण १८, कोऱ्या नमुन्यांची सरासरी ३. उरले १५. भागिले ०.०२१५ किलो: सुमारे ७००. गणकयंत्र ६९७.७ दाखवेल, तसं लिहू नका. १८ चं वर्गमूळ ४.२, म्हणजे मोजणीचीच अनिश्चितता किलोमागे सुमारे २००. '७०० ± २००, आकार २० ते ५००० मायक्रोमीटर, थर ० ते २ सेंटिमीटर, द्रावण १.५५' असं लिहिलं तर आकड्याला अर्थ येतो. फिल्टरचा फक्त एक भाग तपासला असेल तर तो गुणक आणि त्याने वाढलेली अनिश्चितताही लिहा.

जमेल तिथे वस्तुमान किंवा प्रत्येक कणाची लांबी-रुंदीही नोंदवा. ५ मिलिमीटरचा एक गोल तुकडा वजनाला ५० मायक्रोमीटरच्या १० लाख कणांइतका असतो. संख्या आणि वजन म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवता येतात का?

खालची आकारमर्यादा, थराची जाडी, द्रावणाची घनता आणि एकक जुळत असेल तरच. कुठे किलोमागे, कुठे चौरस मीटरमागे, कुठे ओल्या गाळाच्या लिटरमागे आकडे देतात. मरियाना गर्तेतले २०१८ चे आकडे, २०० ते २२०० तुकडे, लिटरमागचे आहेत. कच्च्या नोंदी असतील तर दोन्हींतले फक्त सामायिक आकारपट्ट्यातले कण घेऊन पुन्हा मोजा. गाळाची जातही पाहा: ६३ मायक्रोमीटरच्या खालचा चिखल आणि भरड वाळू यांची सरळ तुलना करू नये.

गाभ्यावरून प्लास्टिकचा इतिहास वाचता येतो का?

थर न ढवळलेले असतील तर येतो. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्यात तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे किडे गाळ उकरत नाहीत. तिथल्या गाभ्यात १९४५ नंतर प्लास्टिक दर १५ वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं २०१९ साली दाखवलं गेलं. इतरत्र किडे वरचे कण १० सेंटिमीटर आणि त्याहूनही खाली नेतात. थरांचं वय शिसे-२१० ने (अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं) आणि अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ च्या १९६३ च्या शिखराने ठरवा. १९३० च्या थरात पॉलिप्रॉपिलीन सापडलं तर तो शोध नव्हे; गाभा कापताना वरचा गाळ खाली ओढला गेला, किड्यांनी नेला किंवा प्रयोगशाळेतून आला. असा थर लपवू नका. तुमच्या पद्धतीत कण किती खाली झिरपतात याचं सर्वांत चांगलं मोजमाप तोच देतो.

वापरलेलं झिंक क्लोराइड पुन्हा वापरता येतं का?

येतं, ५ ते ६ वेळा सहज. प्रत्येक वेळी १.२ मायक्रोमीटरमधून गाळा, घनता तपासा, कमी झाली असेल तर क्षार घाला किंवा काचेच्या भांड्यात थोडं पाणी आटवा. सेंद्रिय पदार्थांनी पिवळं पडलं तरी चालतं. चिकणमातीने दुधाळ राहू लागलं की निवृत्त करा. बेसिनमध्ये मुळीच ओतू नका, धुण्याचं पहिलं पाणीसुद्धा नाही. वेगळ्या कॅनमध्ये जमा करा, त्यावर 'झिंक' असं ठळक लिहा आणि घातक कचऱ्यात द्या.